बीजीएमआय स्क्रिम्स आणि मराठी गाईड्स : रोज विचारले जाणारे प्रश्न, एकदाच नीट उत्तरं

बीजीएमआय म्हणजे पबजीचा भारतातला अवतार, मोबाईलवरचा गोळीबाराचा गेम, शेवटपर्यंत जगणारी टीम जिंकते. त्याच्या स्क्रिम्स, म्हणजे टीम-टीममधल्या सरावाच्या मॅच, मी आपल्या ग्रुपसाठी चालवतो. रोज रात्री पावणेनऊला माझ्या फोनवर तेच तेच प्रश्न येतात, त्यातले निम्मे तर स्लॉट लिस्टच्या (कुठली टीम कुठल्या नंबरच्या जागेवर त्याची यादी) वरच लिहिलेले असतात पण वाचतंय कोण. म्हणून सगळं एका जागी टाकतोय. मागच्या काही महिन्यांत आपण स्क्रिम्स चालवायची पद्धत बरीच बदलली आणि जुन्या पोरांना त्यातलं काही काही अजून पटलेलं नाही, त्याची कारणंपण इथंच दिलीत. लांब आहे, मॅच सुरू व्हायच्या आधी लॉबीत बसल्या बसल्या वाचा.

रूमची आयडी-पासवर्ड कधी येतो?

८:५० ला. फक्त टीमच्या आयजीएलला, म्हणजे खेळताना कॉल देणाऱ्या कॅप्टनला, पर्सनलवर. रूम म्हणजे फक्त आपल्या टीमसाठी उघडलेली खासगी मॅच.

सरळ ग्रुपवर टाका की, सगळ्यांनाच सोपं पडेल.

टाकायचो ना. मग एका शनिवारी फायनलची आयडी कुणीतरी बाहेर फॉरवर्ड केली आणि रूममध्ये सहा जण असे येऊन बसले ज्यांना आपल्यातलं कुणीच ओळखत नव्हतं. एकाला किक करावं तर दुसरा आत, आणि ज्यांची खरी जागा ती टीम बाहेरून बोंबलतीय की दादा रूम फुल दाखवतंय. नऊची मॅच ९:४० ला सुटली त्या दिवशी. पासवर्ड बदलायचा तर आत बसलेल्या सगळ्यांना बाहेर काढून नवीन रूम, म्हणजे अजून एक रूम कार्ड (रूम उघडायला लागतं ते) गेलं, ते मी माझ्या खिशातून घेतो हे पण लक्षात असू द्या.

आता आयडी कुणाकुणाला गेली ते माहीत असतं. तरी लीक झालीच तर कुठल्या टीमकडून ते शोधायला वेळ लागत नाही. त्या टीमचा पुढच्या आठवड्याचा स्लॉट जातो, त्यावर चर्चा नाही.

स्लॉट ३ पासून का सुरू होतात? १ आणि २ कुणाचे?

कुणाचे नाहीत. वरच्या दोन जागा ये-जा करणाऱ्यांसाठी मोकळ्या ठेवतो. तुमचा स्लॉट ७ असेल तर ७ मध्येच बसा, "रिकामा दिसला म्हणून बसलो" असं म्हणू नका.

आमचा एक प्लेयर दोन मिनिटांत येतोय, थांबाल का?

नाही. तीन जणांनी खेळा.

रागावू नका, हिशोब सांगतो. १६ टीम म्हणजे ६४ जण. एरँगल मॅपची एक मॅच साधारण अर्धा तास धरा, अशा तीन, मध्ये दहा-दहा मिनिटांचा गॅप, म्हणजे ९ ला सुरू केलं तर पावणेअकराच्या पुढेमागे मोकळे. आता चार टीमनी प्रत्येकी दोनच मिनिटं मागितली, आणि ती दोन मिनिटं खरी कधीच दोन नसतात, तर साडेअकरा होतात. आपल्याकडे चाकणला फर्स्ट शिफ्ट करणारी पोरं आहेत, त्यांची कंपनीची बस सकाळी सहाच्या आत येते, त्यांनी तुमच्या जेवणासाठी का जागायचं? पूर्वी आम्ही सगळ्यांसाठी थांबायचो आणि चांगुलपणा वाटायचा. झालं काय, तर वेळेवर येणाऱ्या टीम हळूहळू यायच्या बंद झाल्या आणि उशिरा येणाऱ्याच उरल्या.

एंट्री फी का नाही? ५० रुपये ठेवा, प्राईज पूल वाढेल, लोक सिरियस खेळतील.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर सगळ्यात जास्त लोकांना आवडत नाही.

पहिलं कारण कायदा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत ऑनलाईन गेमिंगचा नवा कायदा पास झाला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे भरून पैसे जिंकायचा ऑनलाईन खेळ चालवणं त्यात बंद केलंय, स्किलचा असो वा नशिबाचा, आणि चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ई-स्पोर्ट्सला त्यातून वेगळं काढलंय, तिथं नोंदणी फी आणि खेळावरचं बक्षीस चालतं, पण ई-स्पोर्ट कशाला म्हणायचं त्याच्या अटी आहेत, मान्यता पाहिजे, नोंदणी पाहिजे, आणि कुणाचीही पैज नको. मी ना वकील ना कंपनी. "भावा आपण तर ई-स्पोर्ट्सच खेळतो" हे ग्रुपवर म्हणायला ठीक आहे, पोलीस स्टेशनला बसून म्हणायला वेगळं.

दुसरं कारण जुनं आहे. आपण स्वतः प्लेयर म्हणून पेड स्क्रिम्स खेळलोय, एका ऑर्गनायझरने आमच्यासकट वीसेक टीमचे पैसे घेतले, दोन मॅच घेतल्या, तिसरीच्या आधी ग्रुप ॲडमिन ओन्ली केला आणि गायब. रक्कम फार नव्हती पण माझ्या टीममधल्या एकाने ते पैसे घरून रिचार्जला म्हणून घेतले होते. तेव्हाच ठरवलं.

बक्षीस म्हणून यूसी (गेममधलं चलन) मिळतो, तो ज्याला द्यायचाय तो स्वतः होऊन देतो, कधी एखादा जुना प्लेयर आता नोकरीला लागला म्हणून देतो. नसेल त्या आठवड्यात बक्षीस नाही. आणि गंमत म्हणजे बक्षीस नसलेल्या आठवड्यांत स्लॉट कमी भरले असं झालेलं नाही. टेबल चुकलं त्या आठवड्यात मात्र झालं.

पॉइंट कसे मोजता?

पहिल्याला १०, मग ६, ५, ४, ३, २, १ आणि आठव्याला १. नवव्यापासून शून्य. प्रत्येक फिनिशला, म्हणजे समोरचा एक प्लेयर मारला की, १.

जुनी १५-१२-१० वाली सिस्टीम बरी होती, ती का काढली?

मोठ्या ऑफिशियल स्पर्धांनी काढली म्हणून आपणपण काढली, नाहीतर पोरं इथं एक सवय लावून घेतात आणि तिकडं क्वालिफायरला गेल्यावर तोंडावर आपटतात. फरक कसा पडतो बघा. एक टीम शेवटपर्यंत गवतात झोपून दुसरी आली, दोन फिनिश. जुन्या हिशोबात १२ अधिक २, चौदा. दुसरी टीम सातवी आली पण आठ फिनिश काढून, तिला २ अधिक ८, दहा. म्हणजे झोपलेली पुढं. आता तेच ६ अधिक २ आठ, आणि १ अधिक ८ नऊ. भांडणारी टीम पुढं गेली. ज्यांना झोपून खेळायला आवडायचं त्यांनी महिनाभर मला शिव्या घातल्या, खासकरून मीरामार मॅपला वरच्या डोंगरावर गाडी लपवून बसणारे, तुम्हाला माहितीय मी कुणाबद्दल बोलतोय.

टाय झाला तर?

आधी चिकन डिनर, म्हणजे जिंकलेल्या मॅच, कुणाचे जास्त ते बघायचं, मग प्लेसमेंटच्या (कितवा नंबर आला त्याच्या) पॉइंटची बेरीज, मग फिनिश, तरी सारखं असेल तर शेवटच्या मॅचला जो वर तो वर.

पॉइंट टेबल चुकलंय, कुणाला सांगू?

मला सांगा, पण स्क्रीनशॉट पाठवून. "आमचे सात होते भाऊ" याला अर्थ नाही, मॅच संपल्यावर रिझल्टचा स्क्रीनशॉट काढायचं काम आयजीएलचं आहे. टेबल टाकल्यापासून अर्धा तास दुरुस्तीचा, त्यानंतर ते फायनल.

आता टेबल कसं बनतं ते पण सांगून टाकतो, कारण यावरून एकदा ग्रुप फुटायची वेळ आली होती. तेव्हा मी एकटाच रिझल्टचे फोटो बघून वहीत लिहायचो आणि मग टाईप करायचो. दोन टीमची नावं जवळपास सारखी होती, एकीच्या शेवटी नुसता अंडरस्कोअर. मी चिकन डिनर दुसऱ्याच टीमच्या खात्यावर टाकला. ज्यांचा होता ते पाचवे दिसले, ज्यांचा नव्हता ते पहिले, आणि पहिले दिसणारे गप्प बसले. रात्री पाऊणला कळलं. दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलं, माफी मागितली, तरी "सेटिंग" हा शब्द पुढं दोन महिने ऐकला. चूक माझीच होती, पण ती पकडायला आपल्याकडे काहीच नव्हतं हे जास्त लागलं.

त्यानंतर एका पोराने, बीकॉमला आहे तो, साधी गोष्ट सुचवली. आठ टीमना मिळून प्लेसमेंटचे किती पॉइंट वाटले जातात? १०, ६, ५, ४, ३, २, १, १, बेरीज ३२. म्हणजे कुठल्याही मॅचला प्लेसमेंटचा कॉलम ३२ च आला पाहिजे, तीन मॅचचा ९६. एकतीस आला की कुठंतरी चुकलंय, टाकायचंच नाही. फिनिशचं पण तसंच, ६४ जण आत, जिंकणाऱ्या टीमचा एकतरी जिवंत राहतो, म्हणजे रिकॉल (मेलेल्याला परत मॅचमध्ये आणायची सोय) बंद असताना ६३ च्या वर फिनिश होऊच शकत नाहीत, खाली असू शकतात कारण कुणी झोनच्या, म्हणजे लहान होत जाणाऱ्या सुरक्षित सर्कलच्या, बाहेर मरतं, कुणी पुलावरून गाडीसकट पाण्यात जातं. ६६ आले तर कुणाचे तरी दोनदा धरलेत. नावं अदलाबदल झाली तर हे दोन्ही आकडे बरोबरच येतात, म्हणून प्रत्येक टीमला आता स्लॉट नंबर हीच ओळख, नाव फक्त शोभेला. एक जण भरतो, दुसरा फक्त बेरीज आणि स्लॉट तपासतो. पंधरा मिनिटं लागतात. आधी तासभर लागायचा आणि तरी चुकायचं.

शीट सगळ्यांना बघायला उघडी असते, बदलायला नाही. कुणालाही कधीही मागच्या मॅचचं बघता येतं, आणि तेव्हापासून "सेटिंग" शब्द ऐकलेला नाही, एकदा सोडून, तो पण चेष्टेत होता.

शीटच कशाला, चॅटमध्ये फोटो असतातच की.

२८ जुलै २०२२ ला गेम स्टोअरवरून गेला तेव्हा आपला जुना ग्रुप आठवड्यात ओस पडला, कुणी फोन बदलला, कुणी ग्रुप सोडला. मे २०२३ मध्ये गेम परत आला तेव्हा आपल्याकडे वर्षभराच्या स्क्रिम्सचा एक कागद नव्हता, सगळं चॅटमध्ये होतं आणि चॅट गेलं. त्याच्याही आधी २०२० च्या सप्टेंबरमध्ये पबजी बंद झाली तेव्हा हेच झालं होतं. दोनदा शहाणं व्हायला लागलं आम्हाला, तिसऱ्यांदा नको.

हॅकर दिसला तर काय करायचं?

मॅच खेळून घ्या. मध्येच सगळी टीम बाहेर पडली तर तुमचेच पॉइंट जातात. नंतर क्लिप आणि प्लेयरची आयडी मला पाठवा, ग्रुपवर नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याकडून पुढच्या मॅचला हँडकॅम मागतो, म्हणजे दुसऱ्या फोनवरून हात आणि स्क्रीन दोन्ही दिसतील असा व्हिडिओ. नाही म्हणाला तर स्लॉट नाही. एमुलेटर (कॉम्प्युटरवरून फोनचा गेम खेळणं) नाही, टॅब नाही, आयपॅड व्ह्यू (आजूबाजूचं जास्त दिसेल अशी स्क्रीन) नाही.

सांगायला हरकत नाही, येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक वेळा हॅक नसतो, समोरचा चांगला खेळलेला असतो. एकदा एका पोराला "भिंतीतून बघतो" म्हणून सगळ्यांनी मिळून हैराण केलं, त्याचा हँडकॅम बघितला तर पठ्ठ्या फक्त इयरफोन नीट लावून पावलं ऐकत होता. म्हणून आरोप ग्रुपवर नाही, हा नियम मोडणाऱ्याला पण तेवढीच शिक्षा आहे.

टीमिंग?

दोन टीम एकत्र फिरताना सापडल्या की दोन्ही महिनाभर बाहेर. चुलत भाऊ समोरच्या टीममध्ये आहे म्हणून गोळी मारली नाही, हे पण टीमिंगच. खरंच आलंय हे उत्तर.

मध्येच लाईट गेली, नेट गेलं, तर रिमॅच मिळेल का?

एका टीमचं गेलं तर नाही. एका वेळी पाचपेक्षा जास्त टीम बाहेर पडल्या आणि पहिलं सर्कल अजून बंद व्हायचंय, तरच रिमॅच. पावसाळ्यात सांगली-कोल्हापूरकडच्या टीमचं हे सारखं होतं हे मान्य आहे, म्हणून जून ते ऑगस्ट एक पाचवा प्लेयर लिहून ठेवायची सोय केलीय, पण तो मॅचच्या मधल्या गॅपमध्ये बदलायचा, चालू मॅचमध्ये नाही.

मी १७ वर्षांचा आहे, खेळता येईल का?

येईल, पण घरी माहीत असलं पाहिजे, घरच्या मोठ्या माणसाचा एक मेसेज लागतो. आणि एक गोष्ट आधीच बघून ठेवा. २०२३ मध्ये गेम परत आला तेव्हा १८ च्या आतल्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा लागली. दुपारी क्लास बुडवून दोन तास क्लासिक (गेममधल्या नेहमीच्या मॅच) खेळलात तर रात्री तिसऱ्या मॅचला ऐन चौथ्या सर्कलला गेम तुम्हाला बाहेर काढतो आणि टीम तिघांवर येते. असं झालंय, त्या टीमचा आयजीएल अजून त्या पोराशी बोलत नाही. मोठ्या भावाच्या आयडीवरून खेळतो म्हणणाऱ्यांना स्लॉट नाही.

मॅचचं लाईव्ह मागे का चालतं?

मुद्दाम दहा मिनिटं मागे ठेवलंय. नाहीतर लाईव्ह बघून तुमची जागा समोरच्याला कळते.

माझ्याकडे टीम नाही.

स्लॉट लिस्टखाली "टीम पाहिजे" म्हणून यादी आहे, त्यात रोल लिहा, असॉल्टर (पुढं घुसून मारणारा) का सपोर्ट (मागून मदत करणारा) का काय ते. सगळेच असॉल्टर लिहितात, सपोर्ट लिहिलंत तर एका दिवसात टीम मिळेल, लिहून घ्या.

जुन्या गाईड्स कुठं गेल्या?

काढल्या. चाळीसच्या आसपास होत्या, नऊ ठेवल्या.

कारण असं की त्यातल्या बऱ्याच कुणाच्या तरी व्हिडिओवरून उतरवलेल्या, काही तर मशीनमध्ये टाकून मराठी केलेल्या. एका गाईडमध्ये "आच्छादन प्राप्त करून शत्रूवर मारा करावा" असं वाक्य होतं. असं बोलतं का कुणी? आपण म्हणतो कव्हर घे आणि स्प्रे मार. त्यापेक्षा वाईट म्हणजे कुठली गाईड कुठल्या अपडेटची तेच कळत नव्हतं, गनचं डॅमेज बदललं, मॅपवर नवीन जागा आल्या, आणि नवीन पोरगं ते वाचून खेळतंय आणि मरतंय आणि त्याला वाटतंय आपल्यालाच जमत नाही.

आता गाईडच्या वरती चार गोष्टी असल्याच पाहिजेत : कुठला मॅप, कुठल्या महिन्याच्या अपडेटला लिहिली, कुणी स्क्रिम्समध्ये वापरून बघितली, आणि कधी फसली. चौथी गोष्ट लोक टाळतात. तीच नसेल तर गाईड घेत नाही.

चांगली गाईड म्हणजे कशी, एखादं उदाहरण?

सध्या सगळ्यात जास्त वाचली जाणारी गाईड एका आयटीआयच्या पोराने लिहिलीय, विषय एकच, एरँगलला झोन मिलिटरी बेसकडं (मॅपच्या खालच्या बेटावर) गेला आणि आपण अजून वर आहोत तर काय करायचं. बस एवढंच. त्याने लिहिलंय की पूल दोनच आहेत आणि दोन्हीवर कुणीतरी गाडी आडवी लावून बसणारच, हे धरूनच चालायचं. मग तीन पर्याय. लवकर निघून पूल रिकामा असताना पार करणं, पण मग लूट अर्धवट राहते. बोट, पण बोट किनाऱ्याला लागते तिथं उघड्यावर चौघं एका ओळीत उभे राहता, त्यामुळे बोटीतूनच स्मोक (धुराचा बॉम्ब) कुठं टाकायचा ते आधी ठरवा. आणि तिसरा, पुलाच्या अलीकडं थांबून दुसऱ्या टीमला आधी जाऊ देणं आणि त्यांचं भांडण लागलं की मागून शिरणं. खाली त्याने स्वतःच्या मॅच लिहिल्यात, कुठल्या पर्यायाला किती वेळा मेला ते. तिसऱ्या पर्यायात तो दोनदा नुसता वाट बघत झोनच्या बाहेर मेलाय आणि तेही लिहिलंय, "थांबायचं म्हणजे किती थांबायचं हे मला अजून कळलेलं नाही" असं शब्दशः. मला ती ओळ सगळ्यात आवडली.

माझं मराठी एवढं भारी नाही, लिहू का?

लिहा. व्हॉइस नोट पाठवली तरी चालेल, आपल्यातले दोघं उतरवून देतात. वऱ्हाडीत पाठवा, मालवणीत पाठवा. शुद्धलेखन कुणी तपासत नाही, माझंच बघा.

प्रो प्लेयरचा सेन्सिटिव्हिटी कोड (स्क्रीन किती पटकन वळते त्याचं सेटिंग) टाका ना.

नाही टाकणार. त्याचा फोन वेगळा, स्क्रीन वेगळी, एफपीएस वेगळा, तो गायरोवर (फोन हलवून नेम धरत) खेळतो आणि तुम्ही अंगठ्यावर. त्यापेक्षा ट्रेनिंग ग्राऊंडला जा, एम४१६ गन घ्या, एकाच अंतरावरून भिंतीवर अख्खी मॅगझिन सोडा आणि गोळ्या कुठं चढतात बघा. वर जात असतील तर एकच आकडा बदला, थोडाच, आणि परत सोडा. एका वेळी तीन आकडे बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. दोन संध्याकाळी जातात. आधी लाल टिपक्याच्या स्कोपचं करा, मग ३एक्सचं, ४एक्स नंतर.

टी१ (सगळ्यात वरच्या लेव्हलच्या टीम) मध्ये जायचंय, तुमच्या स्क्रिम्सचा उपयोग होईल का?

थोडाफार. बीजीआयएसची, म्हणजे बीजीएमआयच्या देशातल्या मोठ्या ऑफिशियल स्पर्धेची, २०२३ ची ग्रँड फायनल मुंबईत झाली तेव्हा इथल्या बऱ्याच जणांना वाटलं आता आपलं पण होणार. इथं वेळ पाळायची, कॉल ऐकायची आणि हरल्यावर फोन न फेकायची सवय लागेल. पुढचं तुमचं तुम्ही, आणि परीक्षा असेल तर आधी परीक्षा, मी कुणाच्या आईचे फोन परत घेणार नाही, एकदा घेतलाय.

नियम मध्येच बदलतात का?

चालू आठवड्यात कधीच नाही. नियम चुकीचा आहे असं मलाही वाटलं तरी रविवारपर्यंत तोच. रविवारी संध्याकाळी आयजीएल लोकांचा कॉल असतो, त्यात मांडा, पटलं तर सोमवारी लिहून येतं. तोंडी नियम मानत नाही, माझ्या तोंडचा पण.

गणपतीत स्क्रिम्स असतात का?

पहिल्या दिवशी आणि विसर्जनाला नाही, मधल्या दिवसांत रात्री १० ला, आरती आणि मंडळाचं काम उरकून. विसर्जनाच्या दिवशी मागच्या वर्षी हट्टाने एक मॅच ठेवली होती, अर्ध्या टीम मिरवणुकीत, उरलेल्यांचा पिंग (नेटचा उशीर) चारशेच्या वर, आणि माईकवर नुसता ढोल. त्या मॅचचं टेबल शीटमध्ये आहे, काढलेलं नाही, हसायला बरं पडतं.